प्रथिनांना थारा न देणारे लेप

एखाद्या वस्तूवर काही चिकटू नये म्हणून काय करावं, असं कुणाला विचारलं तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अळवाचं पान येतं. ‘अळवावरचं पाणी’ तोंडी इतकं रुळलंय, की पाणीच टिकलं नाही तर पाण्यातून येणारी घाण कुठून टिकणार, हे आपल्याला उघड वाटतं. नॉन-स्टिक भांड्यांवरच्या टेफ्लॉननं तर हा समज पार पक्का करून टाकलाय.

तेच टेफ्लॉन रक्तात बुडवून पाहा. काही सेकंदांत त्यावर प्रथिनं बसायला लागतात आणि काही मिनिटांत अख्खा पृष्ठभाग त्यांनी झाकून जातो. अळवाचं पान कोरडं राहतं, कारण त्याच्या मेणचट, खडबडीत पृष्ठभागाच्या खाचांमध्ये हवा अडकलेली असते. थेंब पानावर कमी आणि हवेवर जास्त टेकलेला असतो. पान बराच काळ पाण्याखाली ठेवलं तर ती हवा हळूहळू निघून जाते. मग उरतो पाण्याला नको असलेला मेणचट पृष्ठभाग, आणि प्रथिनांना नेमका तोच हवा असतो.

शरीराच्या आत सगळा कारभार पाण्याखालीच चालतो. त्यामुळे कॅथेटर, स्टेंट, कॉन्टॅक्ट लेन्स, पेशी वाढवण्याच्या प्लास्टिकच्या बशा, यांच्यासाठी न चिकटण्याची युक्ती बरोबर उलटी आहे. पाण्याला हाकलायचं नाही, घट्ट धरून ठेवायचं. इतकं घट्ट, की प्रथिनाला टेकायला जागाच मिळू नये. या विषयात पुढे जे जे येतं, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं.

पहिल्या काही सेकंदांत काय होतं

प्लास्टिकची एक नळी रक्ताला पहिल्यांदा लागली, असं समजा. सर्वांत आधी पोचतात पाण्याचे रेणू आणि क्षार. त्यांच्यामागून लगेच प्रथिनं. रक्तद्रवाच्या एका लिटरमध्ये अल्ब्युमिनच ३५ ते ५० ग्रॅम असतं. ते लहान आणि संख्येनं भरपूर, म्हणून सहसा आधी तेच जागा अडवतं. त्याच्यामागून अँटिबॉडी येतात, मग फायब्रिनोजेन. हे सुमारे ४५ नॅनोमीटर लांबीचं काठीसारखं प्रथिन, लिटरमागे २ ते ४ ग्रॅम. रक्ताची गुठळी बांधण्याचं सामान ते हेच. त्याच्याही नंतर येतं किनिनोजेन. रक्तात ते अगदी थोडं असतं, पण पृष्ठभागाला त्याची ओढ जबर. आयत्या बिळावर नागोबा बसावा तसं ते फायब्रिनोजेनला उठवून त्याच्या जागी बसतं.

ही अदलाबदल १९६० च्या दशकात लिओ व्रोमन यांनी दाखवून दिली, म्हणून तिला ‘व्रोमन परिणाम’ म्हणतात. व्रोमन नेदरलँड्समध्ये जन्मले आणि पुढे अमेरिकेत रक्तावर संशोधन करत राहिले. डच भाषेतले ते मोठे कवीही होते. १९६४ साली त्यांना पी. सी. हूफ्ट पुरस्कार मिळाला होता. काचेवर क्षणाक्षणाला कोण बसतं आणि कोण उठतं, हे टिपत बसायला कवीचा धीर लागत असणार, असं मला उगाच वाटतं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यायला हवी. मागाहून येणाऱ्या पेशींची मूळ प्लास्टिकशी गाठच पडत नाही; त्यांच्यासमोर येतो तो प्रथिनांचा थर. बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, फायब्रिनोजेन ओळखून त्याला धरतात. इतर पेशींच्या अंगावर इंटिग्रिन नावाचे रेणू असतात, आणि ते फायब्रोनेक्टिनसारख्या प्रथिनांवरचा अमिनो आम्लांचा एक छोटासा क्रम शोधून तिथे पाय रोवतात. जीवाणूंनाही हा थर सोयीचाच पडतो. तेव्हा पेशी नको असतील तर आधी प्रथिनांची वाट बंद करायची.

हे सगळं फार सूक्ष्म आणि दूरचं वाटत असेल, तर इन्सुलिनचं उदाहरण घ्या. शिरेतून इन्सुलिन द्यायचं असतं तेव्हा अनेक ठिकाणी परिचारिका त्या द्रावणाचे साधारण पहिले २० मिलिलिटर नळीतून नुसतेच वाहू देतात आणि फेकून देतात. इन्सुलिन हेही प्रथिनच, ते नळीच्या आतल्या प्लास्टिकला चिकटतं. एका युनिट इन्सुलिनचं वजन अवघं ०.०३५ मिलिग्रॅमच्या आसपास, त्यामुळे नळीच्या भिंतीनं खाल्लेलं इन्सुलिन तराजूवर दिसणार नाही, पण डोसमध्ये फरक पाडतं. भिंत आधीच इन्सुलिननं भरून घेतली, की पुढचं इन्सुलिन रुग्णापर्यंत पोचतं.

प्रयोगशाळेत हीच युक्ती रोज वापरली जाते, तिला ब्लॉकिंग म्हणतात. एलायझा या, नमुन्यातलं ठरावीक प्रथिन रंगावरून शोधणाऱ्या चाचणीत प्लास्टिकच्या खळग्यांना हवी ती अँटिबॉडी चिकटवून घेतात आणि उरलेली मोकळी जागा अल्ब्युमिननं किंवा चक्क साय काढलेल्या दुधाच्या भुकटीनं भरून टाकतात. ही चाचणी शिकत असताना एकदा मी घाईत ही पायरी गाळली. शेवटी आम्ल घातल्यावर ९६ च्या ९६ खळगे पिवळेधमक झाले, ज्यात नमुनाच नव्हता तेसुद्धा. रंग आणणारी अँटिबॉडी मिळेल त्या मोकळ्या प्लास्टिकवर जाऊन बसली होती. चिकटणं म्हणजे काय, हे त्या दिवशी मला कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कळलं.

चिकटतं ते का?

प्रथिन म्हणजे घडी घातलेली एक लांब साखळी. तिचे पाण्याला नकोसे असलेले भाग बहुतांशी घडीच्या आत दडलेले असतात आणि पाण्याशी जुळवून घेणारे बाहेर. पण घडी काही परिपूर्ण नसते, बाहेरच्या बाजूलाही थोडे मेणचट डाग राहतातच. असा डाग मेणचट प्लास्टिकला लागला, की दोघांच्या मध्ये अडकलेले पाण्याचे रेणू सुटतात. मेणचट पृष्ठभागाजवळ या रेणूंना एका ठरावीक मांडणीत अवघडून राहावं लागत होतं. तिथून सुटून ते बाकीच्या पाण्यात मोकळे हिंडू लागतात. ही मोकळीक, म्हणजेच एन्ट्रॉपीतली वाढ, प्रथिनाला पृष्ठभागाकडे ढकलते. प्रथिन आणि प्लास्टिक यांच्यात काही जगावेगळं प्रेम असावं लागत नाही. मधल्या पाण्यालाच तिथून सुटका हवी असते, एवढं पुरतं.

एकदा चंचुप्रवेश झाला की प्रथिन हळूहळू उलगडतं. आतले मेणचट भागही बाहेर येऊन पृष्ठभागाला भिडतात. एका जागी धरलेलं सुटू शकतं. पन्नास जागी धरलेलं सुटायचं तर पन्नासही पकडी एकाच वेळी सुटाव्या लागतात, आणि तसं जवळजवळ होतच नाही. म्हणून चिकटलेलं प्रथिन धुऊन काढण्यापेक्षा त्याला पहिली पकडच न मिळू देणं सोपं.

मग पृष्ठभाग नुसता जलस्नेही केला की झालं? दुर्दैवानं नाही. स्वच्छ काच चांगली जलस्नेही असते, पाणी तिच्यावर सहज पसरतं, तरीही तिच्यावर प्रथिनं बसतात. काचेवर ऋणभार असतो आणि प्रथिनांवर धनभाराचे ठिपके असतात. एक दार लावलं तर दुसऱ्यानं आत यायची सोय तयारच.

ओला गालिचा

या गुंत्यातून पहिली चांगली वाट काढली ती पॉलिएथिलीन ग्लायकॉलनं. लोक त्याला पेग म्हणतात. दोन कार्बन, एक ऑक्सिजन, पुन्हा दोन कार्बन, एक ऑक्सिजन, अशी ही साधी, लवचीक आणि भाररहित साखळी. तिच्यातला प्रत्येक ऑक्सिजन पाण्याशी हायड्रोजन बंध जोडतो. अशा साखळ्यांचं एक टोक पृष्ठभागाला पक्कं बांधलं आणि दुसरं पाण्यात मोकळं सोडलं, की काही नॅनोमीटर जाडीचा, सतत हलता आणि पाण्यानं भरलेला गालिचा तयार होतो.

प्रथिनाला खालच्या प्लास्टिकपर्यंत पोचायचं तर हा गालिचा दाबावा लागतो. दाबला की दोन गोष्टी घडतात. साखळ्यांची हालचाल आक्रसते, आणि त्यांच्यामधलं पाणी पिळून बाहेर काढावं लागतं. दोन्हींना ऊर्जा लागते. मेणचट पृष्ठभागावर पाण्याला जागा सोडायची घाई होती, इथे ते जागा सोडायला तयार नाही. सगळा हिशोबच फिरतो. साखळ्यांच्या अशा दाट गर्दीचं भौतिकशास्त्र अलेक्झांडर आणि द जेन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मांडलं. त्यातल्या पिएर-जिल द जेन यांना पुढे १९९१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

सगळी मेख आहे ती दाटीत. साखळ्या विरळ लावल्या तर प्रत्येक जण आपापल्या जागी गुंडाळी करून बसते. या अवस्थेला शास्त्रज्ञ ‘मशरूम’ म्हणतात. दोन मशरूमच्या मध्ये मोकळी जमीन दिसते, आणि अल्ब्युमिनला तेवढी पुरते. साखळ्या इतक्या जवळ आणल्या की गुंडाळी करायला जागाच उरू नये, तर त्या ताठ उभ्या राहतात. तो झाला ‘ब्रश’. पॉलिमर तोच, लांबीही तीच, पण मशरूमवर प्रथिनं बसतात आणि ब्रशवर बसत नाहीत. ‘आमच्या वस्तूवर पेगचा लेप आहे’ एवढ्या वाक्यावरून त्यामुळे काहीच कळत नाही. किती दाट, हे विचारायला हवं.

हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटानं याच्याही पुढचा प्रश्न विचारला: लांब साखळी लागतेच का? सोन्याच्या पातळ थरावर त्यांनी रेणूंची एकेरी, शिस्तशीर रांग उभी केली आणि प्रत्येक रेणूच्या टोकाला पेगचे जेमतेम काही तुकडे लावले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात एवढ्याशा शेपटीनंही प्रथिनं अडली. म्हणजे नुसती साखळ्यांची वळवळ हे पूर्ण उत्तर नव्हतं. पाणी कसं बांधलं जातं, यालाही तितकंच महत्त्व होतं. नंतर याच गटानं कितीतरी वेगवेगळे रासायनिक गट त्याच पद्धतीनं तपासले आणि चांगल्या पृष्ठभागांमधलं साम्य शोधलं. ते जलस्नेही असतात. हायड्रोजन बंधासाठी हायड्रोजन स्वीकारणारे गट त्यांच्यात असतात, हायड्रोजन देणारे नसतात. आणि एकूण विद्युतभार शून्य. हे नियम आजही उपयोगी पडतात, पण ते काळ्या दगडावरची रेघ नाहीत. मॅनिटॉल या शर्करेसारख्या पदार्थात हायड्रोजन देणारे गट ठासून भरलेले असतात, आणि तरी त्याचा थर प्रथिनांना दाद देत नाही.

पेगच्या दोन अडचणी आहेत. एक म्हणजे ऑक्सिजन आणि धातूंच्या आयनांच्या संगतीत त्याची साखळी हळूहळू तुटते. दुसरी जरा अनपेक्षित. पेग इतक्या औषधांत आणि प्रसाधनांत असतं की अनेक लोकांच्या रक्तात पेगविरुद्धच्या अँटिबॉडी सापडतात. प्रथिनांनी ओळखू नये म्हणून जे निवडलं, त्यालाच ओळखणारी प्रथिनं शरीरानं तयार केली.

पेशीच्या अंगावरून घेतलेली कल्पना

दुसरी वाट लाल रक्तपेशींनी दाखवली. त्या रात्रंदिवस प्रथिनांच्या दाट द्रावणात फिरतात, तरी एरवी त्यांच्यावर गुठळी बांधली जात नाही. पेशीचं आवरण दुपदरी असतं, आणि दोन्ही पदर सारखे नसतात हे १९७० च्या दशकात स्पष्ट झालं. आतल्या पदरात ऋणभारित मेदरेणू असतात. ते उघडे पडले तर रक्त गोठायला चालना मिळते. बाहेरच्या पदरात फॉस्फोरिलकोलीन हा गट मोठ्या प्रमाणात असतो. त्याच्यात एक धनभार आणि एक ऋणभार अगदी शेजारी-शेजारी असतात. अशा रेणूला झ्विटरआयन म्हणतात. एकूण भार शून्य, पण जवळून पाहिलं तर दोन्ही टोकं पाण्याला जोरात खेचतात. भाराभोवती जमणारं पाणी हायड्रोजन बंधानं धरलेल्या पाण्यापेक्षा जास्त घट्ट असतं, म्हणून इथला ओला गालिचा पेगपेक्षाही चिवट.

जपानमध्ये हाच गट पॉलिमरच्या साखळीवर लटकवून एमपीसी नावाचा पदार्थ तयार झाला, आणि काझुहिको इशिहारा यांनी तो भरपूर व शुद्ध मिळवण्याची पद्धत बसवल्यावर त्याचा वापर वाढला. आज तो कॉन्टॅक्ट लेन्समध्ये आहे. खुब्याच्या कृत्रिम सांध्यातल्या प्लास्टिकच्या वाटीवरही तो लावतात. तिथे प्रश्न प्रथिनांचा नसून झिजेचा आहे, पण घट्ट धरलेलं पाणी वंगणाचंही काम करतं. एकाच गुणाचे दोन फायदे.

अमेरिकेत शाओयी जियांग यांच्या गटानं कार्बोक्सिबीटेन हा आणखी साधा झ्विटरआयन वापरला. २०१३ साली त्यांनी त्याची जेल उंदरांच्या कातडीखाली ठेवून दाखवली. एरवी शरीर परक्या वस्तूभोवती तंतूंची जाड पिशवी विणून तिला वाळीत टाकतं. या जेलभोवती तीन महिने तशी पिशवी झाली नाही. कातडीखाली बसवायच्या ग्लुकोज सेन्सरसारख्या उपकरणांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. फक्त उंदराचे तीन महिने आणि माणसाची दहा वर्षं यांच्यात बरंच अंतर आहे, हे विसरून चालणार नाही.

आता एक गमतीचा पेच. ज्याला काहीच चिकटत नाही, तो लेप वस्तूला चिकटवायचा कसा? तयार साखळ्या आणून पृष्ठभागाला बांधायला गेलं तर आधी बसलेल्या साखळ्या नंतरच्यांना जवळ येऊ देत नाहीत. लेपाचा गुण इथे त्याच्यावरच उलटतो, आणि दाटी मिळत नाही. म्हणून साखळ्या पृष्ठभागावरच उगवतात: आधी छोटी बीजं पेरायची, मग एकेक कडी जोडत साखळी वाढवायची. कडी लहान असते, गर्दीतूनही आत शिरते. १९९५ साली पुढे आलेल्या एटीआरपी या पद्धतीनं हे काम बरंच आटोक्यात आणलं.

बीज पेरण्यासाठीसुद्धा डिंक लागतोच, आणि तो शिंपल्याकडून घेतला. समुद्रात लाटांचा मार खात खडकाला धरून राहणाऱ्या शिंपल्यांच्या चिकट प्रथिनांत डोपा नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. २००७ साली मेसरस्मिथ यांच्या गटानं दाखवलं, की किंचित अल्कधर्मी पाण्यात डोपाचाच जवळचा नातलग असलेलं डोपामाइन घालून त्यात वस्तू नुसती बुडवून ठेवली तरी तिच्यावर एक गडद पातळ थर बसतो, टेफ्लॉनवरसुद्धा. जहाजांच्या तळाला चिकटून जहाजमालकांना सतावणाऱ्या प्राण्यांचाच हा डिंक न चिकटणाऱ्या लेपाचा पाया झाला.

‘शून्य’ म्हणजे किती?

या क्षेत्रातले दावे वाचताना मी आधी एक गोष्ट पाहतो: चाचणी कशात केली? एकाच प्रथिनाच्या स्वच्छ द्रावणात उत्तम ठरलेला लेप खऱ्या रक्तद्रवात साफ झोपू शकतो. फायब्रिनोजेनचा पूर्ण थर म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला काहीशे नॅनोग्रॅम. पाचापेक्षा कमी आलं तर लेप अतिउत्तम मानतात, आणि ही सीमा महत्त्वाची आहे, कारण पाच-दहा नॅनोग्रॅम फायब्रिनोजेनवरही बिंबिका बसू शकतात. पण हे मोजमाप बहुधा मिनिटांचं किंवा तासाचं असतं. कॅथेटर आठवडाभर आत राहतो.

जीवाणूंचा हिशोब तर आणखी कडक. समजा लेपामुळे बसणारे जीवाणू ९९ टक्क्यांनी कमी झाले. जाहिरातीत आकडा झकास दिसतो. पण उरलेला एक टक्का दर अर्ध्या तासाला दुप्पट होत गेला, तर सातव्या दुपटीच्या आतच, म्हणजे साडेतीन तासांत, तो पुन्हा शंभर टक्क्यांवर येतो. लेपावर एखादा ओरखडा असेल तर सुरुवात तिथूनच. म्हणून न चिकटणाऱ्या लेपाला एकट्यानं लढायला लावत नाहीत. निर्जंतुक हाताळणी आणि नळी वेळेवर काढणं याला पर्याय नाही.

न चिकटण्याचं बटण

पेशींच्या बाबतीत मात्र न चिकटणं हे नुसतं संरक्षण नाही, प्रयोगाचं हत्यारही आहे. १९७८ साली जुडा फोकमन आणि अ‍ॅन मॉस्कोना यांनी बशीच्या तळाला पॉलिहेमाचा लेप वेगवेगळ्या जाडीनं दिला. हा पदार्थ म्हणजे मऊ कॉन्टॅक्ट लेन्सचाच. लेप जितका जाड, तितकी पेशी कमी पसरली आणि गोल राहिली. जितकी गोल, तितकं तिचं डीएनए तयार करणं मंदावलं. पेशीचा आकार तिच्या वाढीवर अंकुश ठेवतो, हे एका न चिकटणाऱ्या थरानं दाखवून दिलं. आज अशाच बशांत पेशींना तळ मिळू देत नाहीत, म्हणजे त्या एकमेकींना धरून गोळे बनवतात, आणि औषधांच्या चाचण्यांसाठी ते गोळे सपाट थरापेक्षा खऱ्या ऊतीच्या जवळ जातात.

यातला मला सर्वांत आवडणारा प्रकार तेरुओ ओकानो यांचा. त्यांनी बशीवर पीनायपाम या पॉलिमरचा सुमारे २० नॅनोमीटरचा थर लावला. हा पॉलिमर ३२ अंश सेल्सिअसच्या वर पाणी सोडून आक्रसतो, खाली आला की पाणी पिऊन फुगतो. ३७ अंशांवर पेशी आरामात चिकटतात, वाढतात, एकमेकींना जोडून अखंड पातळ चादर होतात. मग बशी २० अंशांवर आणायची. लेप फुगतो, पाणी धरतो, आणि चादर आपोआप सुटून येते. एरवी पेशी सोडवायला ट्रिप्सिनसारखं प्रथिनं कापणारं विकर घालावं लागतं, त्यात पेशींमधले सांधे आणि खालचा प्रथिनांचा थर दोन्ही तुटतात. इथे ते शाबूत राहतात.

२००४ साली जपानी डॉक्टरांनी चार रुग्णांच्या तोंडातल्या आतल्या त्वचेचा छोटासा तुकडा घेऊन अशी चादर वाढवली आणि त्यांच्या खराब झालेल्या पारपटलावर ठेवली. एकही टाका घालावा लागला नाही. चादरीखाली पेशींनी स्वतः तयार केलेला प्रथिनांचा चिकट थर तसाच होता, त्यानं काही मिनिटांत डोळ्याला धरलं.